रेषा गिरवायची नसते

जून लागला की आंजर्ल्यात कागद सादळतो. पापड, पोहे, काडेपेटी सादळते तसाच. कपाटात नीट गुंडाळून ठेवलेला जाड कागदसुद्धा हाताला मऊ लागतो आणि त्यावर शाईची निब टेकवली की रेषेच्या दोन्ही कडांना केसासारखी मुळं फुटतात. पेन्सिलीचं सादळलेल्या कागदावरही भागतं, शाईचं भागत नाही. चित्रकथेतल्या पात्रांवर शाई चढवण्याचं, म्हणजे इंकिंगचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. पावसाळ्यात ओटीवर बसून ते करताना कागद चुलीच्या उबेला धरणं, इस्त्रीखाली घालणं, दिव्याखाली ठेवणं हे सगळे उपाय करून झाले. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. कौलं उडाली आणि ट्रंकेतल्या जुन्या पानांचा लगदा झाला. त्यानंतर मी टॅब्लेट घेतला.

यंदा एप्रिलच्या अखेरीला भाचा सुट्टीसाठी आला होता. आठवीतला मुलगा, हात चांगला आहे. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते त्याने पहाटे उठून पाहिलं आणि त्यावरून एक पात्र तयार केलं. दहा-अकरा वर्षांची, कासवं राखणारी मुलगी. ती वाळूत उकिडवी बसून घरट्यावरची टोपली उचलते आहे आणि खालून एक पिल्लू डोकं काढतं आहे. पेन्सिलीचं चित्र खरोखर छान उतरलं होतं. त्याने टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मामा, आता नुसतं गिरवायचं राहिलं ना?"

गिरवणं हा आपला पाटीवरचा शब्द. गुरुजींनी काढून दिलेल्या अक्षरावरून हात फिरवायचा, रेषेच्या बाहेर जायचं नाही. इंकिंगकडे पुष्कळ जण असंच पाहतात. पेन्सिलवाला चित्रकार आणि शाईवाला गिरवणारा. टॅब्लेट आल्यापासून तर हा गैरसमज आणखी घट्ट झाला आहे, कारण यंत्र हात स्थिर करतं, चूक पुसतं, मग शाईवाल्याने करायचं काय, असं लोकांना वाटतं. त्याने काय करायचं असतं ते मी भाच्याला त्या एका चित्रावर दाखवलं. तेच इथे सांगतो.

आधी शाई लागतेच कशाला, ते पाहू. जुन्या छापखान्यात चित्राचा जस्ताचा ब्लॉक करत. ब्लॉकला दोनच गोष्टी कळत: इथे शाई लागते, इथे लागत नाही. पेन्सिलीतला करडा त्याच्या लेखी नव्हताच. करडा छापायचा तर हाफटोन करून तो ठिपक्यांत फोडावा लागे आणि स्वस्त कागदावर ते ठिपके एकमेकांत मिसळून गिचका होई. म्हणून पेन्सिलीतल्या प्रत्येक करड्याबद्दल कुणीतरी निकाल द्यायचा, हा काळा की पांढरा. कानाखालची सावली काळी करायची? गालावरचा उतार कोरा सोडायचा? डोळ्याखालची ती अर्धवट रेघ ठेवायची की टाकायची? हे निकाल देतो तो इंकर. ब्लॉक गेले, ऑफसेट आलं, आता फाइल थेट प्लेटवर जाते, तरी हे काम संपलेलं नाही. डोळ्याला पात्र ओळखू येतं ते अजूनही काळ्या रेषेवरून.

रेषेचा हा मान आपल्याकडे जुना आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात सांगितलं आहे की चित्रात आचार्य रेषेला वाखाणतात आणि सामान्य लोकांना रंगाची भुरळ पडते. आमच्या दक्षिणेला, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. चित्रांची पोथी समोर धरून एकेक पान उलटत कथा गायची. चित्रकथेची आपली आजी म्हणायची तर ती हीच. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पानं जवळून पाहा. माणसाचा मोठा डोळा, नाकाचं टोक, धनुष्याची दोरी, सगळं बाह्यरेषेने बांधलेलं असतं. रंग विटला तरी पात्र विटत नाही.

छापील चित्रकथेत हे काम मराठी हातांनी फार मोठं केलं. अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्रकथा सुरू केली. त्यातलं 'कृष्ण' हे पुस्तक राम वाईरकरांनी काढलं. १९८० साली 'टिंकल' निघालं आणि त्यातला सुप्पंदीही वाईरकरांच्याच हातचा. सुप्पंदीचं लांबुळकं डोकं आणि उभी शेंडी दोन-तीन रेषांत संपते, पण त्या रेषांचा वेग पाहण्यासारखा आहे. पुढे त्यांच्या कन्या अर्चना अंबेरकर सुप्पंदी काढू लागल्या. पात्र एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा रेषेची खरी परीक्षा होते. शेंडीची लांबी मोजून तशीच काढता येते. ती काढताना हात कुठे सैल सोडायचा हे मोजता येत नाही. वसंत हळबे यांचा शिकारी शंभूही तसाच. टोपीने डोळे झाकलेले, म्हणजे चेहऱ्यावरचा सगळा भाव मिशी, तोंड आणि टोपीची कड यांच्या रेषेवर तोलायचा. शंभूचा घाबरटपणा डोळे न दाखवता दिसतो. शाई काय करू शकते याचा यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही.

पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेसाठी पौराणिक आणि ऐतिहासिक माणसं काढली आणि १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज निघाला तेव्हा त्याला रूप दिलं. वाईरकरांची रेषा गोल आणि हसरी, तर मुळीकांची स्नायूंवरून, वस्त्रांच्या चुण्यांवरून वळत जाणारी, जाड-बारीक होणारी, कुंचल्याची. त्या काळात हे काम टाक, निब, सेबलचा बारीक कुंचला आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक यांवर चालायचं. आपल्याकडे ती शाई म्हणजे बहुतेकांच्या टेबलावर कॅमलची बाटली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. चूक झाली तर पांढरा पोस्टर कलर लावायचा, वाळू द्यायचा आणि त्यावरून पुन्हा रेषा घालायची. एका पानावर असे पाच-सहा पांढरे डाग असायचे. छपाईत ते दिसत नसत.

आता भाच्याच्या चित्राकडे येतो.

पहिली गोष्ट म्हणजे मी त्याच्या पेन्सिलीचा थर फिकट निळा केला आणि त्याची घनता वीस टक्क्यांवर आणली. काळ्यावर काळं काढलं तर आपली रेषा दिसतच नाही. मग वर नवा थर उघडला. थर म्हणजे काचेवर काच ठेवल्यासारखं. खालचं दिसतं, पण हात लागतो तो वरच्यालाच.

मग उजेड ठरवला. पिल्लं सोडण्याची वेळ संध्याकाळची धरली, म्हणजे सूर्य समुद्रावर, चित्रात डावीकडे. याचा अर्थ मुलीची डावी कड बारीक रेषेची आणि उजवी जाड. हनुवटीखाली, काखेत, गुडघ्यामागे, टाच वाळूला टेकते तिथे, जिथे जिथे वजन किंवा सावली आहे तिथे रेषा भरते. जवळचा हात जाड रेषेचा, मागचा बारीक. भाच्याने सगळीकडे एकाच जाडीची रेषा धरली होती, त्यामुळे मुलगी वाळूत बसल्यासारखी न वाटता तारेची वळलेली वाटत होती. टाचेखालची एकच रेषा मी दुपटीने जाड केली आणि ती बसली.

बोरूने लिहिलेलं देवनागरी किंवा मोडी ज्याने पाहिलं आहे त्याला हे लगेच कळेल. अक्षराचा एक दंड भरदार, वळताना बारीक, पुन्हा भरदार. तिरक्या कापलेल्या बोरूमुळे ते आपोआप व्हायचं. कुंचल्यात ते दाबाने होतं. पेनटॅब्लेटमध्येही दाबानेच.

हा दाब यंत्राला कळतो कसा? जपानच्या वॅकॉम कंपनीने (स्थापना १९८३) रूढ केलेल्या पद्धतीत पाटीखाली तारांचं जाळं असतं. ते एक क्षीण विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडतं. पेनमधली छोटी गुंडाळी त्यावर झंकारते, त्याच क्षेत्रातून वीज घेते आणि उलट संकेत पाठवते. म्हणून त्या पेनला बॅटरी लागत नाही. टोक दाबलं की गुंडाळीच्या झंकाराची वारंवारता किंचित बदलते आणि पाटी त्यावरून दाब ओळखते. आज साध्या टॅब्लेटवरही दाबाच्या ८१९२ पायऱ्या लिहिलेल्या असतात. हा आकडा पाहून कुणी हुरळून जाऊ नये. माणसाचा हात त्यातल्या शंभरही वेगळ्या ओळखत नसेल. खरं महत्त्व आहे ते दाबाच्या वक्राला, म्हणजे किती दाबलं तर किती जाडी मिळणार या सेटिंगला. माझा हात जड आहे, मी वक्र खाली ओढून ठेवतो. भाच्याचा हात हलका, त्याचा वक्र वर. एकमेकांच्या सेटिंगवर आम्हा दोघांचीही रेषा बिघडते. दुकानातून आणलेल्या टॅब्लेटवर पहिल्याच दिवशी निराश होणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो की आधी वक्र आपल्या हाताचा करून घ्या.

दुसरी मदत म्हणजे स्टॅबिलायझर. टॅब्लेट सेकंदाला शंभराहून अधिक वेळा पेनाची जागा नोंदवतो. हात थरथरला की ते बिंदूही थरथरतात. स्टॅबिलायझर शेवटच्या काही बिंदूंची सरासरी काढतो आणि रेषा त्या सरासरीतून नेतो. भाच्याला मी खाडीतली होडी दाखवून हे समजावलं. जोग नदीच्या खाडीत पुढची होडी मागच्या होडीला लांब दोराने ओढत असेल, तर पुढची जरा इकडेतिकडे झाली तरी मागची संथ येते. पण पुढच्या होडीने काटकोनात वळण घेतलं तर मागची ते वळण कापून गोल जाते. स्टॅबिलायझरचंही तेच. दोर लांब ठेवला तर वेणीची, टोपलीच्या काठाची, क्षितिजाची लांब रेषा लोण्यासारखी येते. पण त्याच दोराने नाकाचं टोक काढलं तर ते बोथट होतं, नख काढलं तर बोंडासारखं दिसतं. म्हणून मी दिवसभरात हा दोर पन्नास वेळा लहान-मोठा करतो. ज्यांनी तो एकदा कमाल करून ठेवला आहे त्यांची पात्रं ओळखू येतात. सगळ्यांची बोटं एकाच मेणाची असतात.

चेहऱ्यावर मी सर्वांत कमी रेषा ठेवल्या. लहान मुलाच्या चेहऱ्यावर प्रत्येक जादा रेष वय वाढवते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी रेघ भाच्याने हौसेने काढली होती, ती पुसली आणि मुलगी तीस वर्षांनी लहान झाली. केस एकेक काढले नाहीत. अख्खी वेणी काळी भरली आणि उजेडाच्या बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या सोडल्या. फ्रॉकचा खालचा भाग ओला आहे, तिथे चुण्या आखूड आणि अंगाला चिकटलेल्या, वरचा भाग कोरडा, तिथे सुती कापड मोडतं तशा सरळ. टोपलीची वीण पूर्ण भरायचा मोह त्याला आवरत नव्हता. मी फक्त सावलीच्या बाजूची वीण काढली आणि उजेडाकडे ती विरळ करत सोडून दिली. उरलेली टोपली पाहणाऱ्याचा डोळा विणतो. पिल्लू तर चार-पाच सेंटीमीटरचं. छापल्यावर ते शेंगदाण्याएवढं दिसणार. त्याला रेषा कशाला? एक काळा ठसा, त्यात डोळ्याचा पांढरा ठिपका, पुढच्या वल्ह्याची एक कड. पानावरचा सगळ्यात गडद काळा आम्ही तिथेच ठेवला, म्हणजे नजर आपोआप पिल्लावर जाते.

टोपलीची कड नेमकी गुडघ्याच्या रेषेला टेकत होती. रेषा रेषेला अशी चिकटली की पुढचं-मागचं कळेनासं होतं. टोपली थोडी सरकवून गुडघ्यावरून नेली. कागदावर हे सरकवणं म्हणजे पोस्टर कलरची बाटली, इथे दोन सेकंद. डिजिटलचे खरे उपकार हे आहेत. दुसरा उपकार म्हणजे चित्र आरशासारखं उलटं करून पाहणं. पूर्वी आम्ही कागद खिडकीवर पाठीमागून धरायचो. उलटं केलं की वाकडा डोळा आणि कललेली मान क्षणात पकडली जाते.

रेषा साठवण्याच्या दोन रीती आहेत आणि हा फरक कळला पाहिजे. रास्टर रीतीत रेषा म्हणजे भरलेले चौकोनी कण. ए-फोर पान ६०० डीपीआयने उघडलं तर जवळपास साडेतीन कोटी कण होतात. त्या हिशोबाने ०.३ मिलिमीटरची रेषा सुमारे सात कण जाड असते, कडा छापताना स्वच्छ येतात. व्हेक्टर रीतीत कणांऐवजी वक्राचे बिंदू लक्षात ठेवले जातात. हे वक्राचं गणित १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये मोटारींची अंगं आखण्यासाठी तयार झालं, सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी. व्हेक्टर रेषा काढून झाल्यावरही जाड करता येते, वाकवता येते, भिंतीएवढी मोठी केली तरी फुटत नाही. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये ही सोय आहे. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकणाऱ्याला ते पुरेसं आहे. मी स्वतः पात्राची बाह्यरेषा व्हेक्टरमध्ये आणि सावल्या, जाळी, खरखर रास्टरमध्ये करतो. खरखरीत कुंचल्याचा सुका फटकारा व्हेक्टरमध्ये जिवंत येत नाही, निदान माझ्या हातून.

छपाईचं भान सुटलं तर ही सारी मेहनत वाया जाते. पडद्यावर चित्र चारपट मोठं करून पापण्या कोरत बसणं हा डिजिटलचा सगळ्यात मोठा सापळा आहे. छापल्यावर त्या पापण्यांचा डाग होतो, कारण कागद शाई पितो आणि रेषांमधली बारीक फट बुजते. दर दहा मिनिटांनी चित्र छापील मापात आणून पाहायचं. आणि काळी रेषा फक्त काळ्याच प्लेटवर ठेवायची. चार रंग मिसळून केलेला काळा पडद्यावर श्रीमंत दिसतो, पण छापताना प्लेट केसभर सरकली की रेषेला लाल-निळी सावली येते. जुन्या कॉमिक्समध्ये ओठांचा लाल रंग ओठांबाहेर गेलेला आठवत असेल. तरीही चेहरा ओळखू यायचा, कारण काळी प्लेट एकटी आणि शाबूत होती.

मागे घेण्याच्या सोयीबद्दल माझं मत जरा कडक आहे. कंट्रोल-झेड दाबून एकच रेषा चाळीस वेळा काढणारी मुलं मी पाहिली आहेत. चाळिसावी रेषा बरोबर असते आणि मेलेली असते. मी भाच्याला नियम घालून दिला: तीन वेळा. तिसऱ्यांदाही जमली नाही तर दोष रेषेत नाही, खालच्या पेन्सिलीत आहे. मागे जा, हाताचं हाड कुठून कुठे जातं ते आधी समजून घे. वेणीची रेषा त्याला तिसऱ्या खेपेला जमली. त्याने ती खांद्यापासून हात फिरवून एका श्वासात ओढली. मी तिला हात लावला नाही, जरी शेवटाला ती थोडी बाहेर गेली होती.

अमेरिकेत जॅक किर्बीच्या पेन्सिलीवर जो सिनॉटने १९६५ पासून 'फँटास्टिक फोर'च्या अंकांना सलग शाई चढवली आणि वाचक त्याला नावाने ओळखू लागले, कारण तिथे इंकरचं नाव पहिल्या पानावर छापलं जाई. आपल्याकडेही अनुपम सिन्हांच्या नागराज आणि सुपर कमांडो ध्रुवच्या कॉमिक्सवर इंकिंगसाठी विनोद कुमार यांचं नाव असे. मराठीत मात्र हा रिवाज रुजला नाही. मी शाई चढवलेल्या एका पुस्तकात चित्रकार, लेखक, अक्षरजुळणी, मुद्रक सगळ्यांची नावं आली आणि माझं राहिलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्ही गिरवलंय ना फक्त." ते वाक्य भाच्याच्या तोंडून निरागसपणे आलं तेव्हा मला राग आला नाही. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

चित्र पूर्ण झालं तेव्हा त्याने खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि शेजारी 'शाई' असं लिहून माझं. मराठीत चित्रकथा काढणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्यांना माझी एवढीच विनंती आहे की श्रेयनामावलीत एक ओळ वाढवा. आणि वाचकहो, पुढची चित्रकथा हातात घ्याल तेव्हा ती ओळ आहे का पाहा. नसेल तर संपादकांना विचारा.